आधी ‘नाही’, मग ‘हो’ म्हणणाऱ्यांना

प्रति,
प्रतिनिधी, कॅमोगी असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन,
क्रोक पार्क, डब्लिन



हे पत्र तुम्हा सगळ्यांना नाही. एप्रिल 2024 च्या अधिवेशनात ज्यांनी ‘नाही’ असं मत दिलं आणि 22 मे 2025 च्या विशेष अधिवेशनात ‘हो’ असं दिलं, फक्त त्यांना आहे. तुमची नावं मला माहीत नाहीत, पण तुम्ही आहात हे आकडेच सांगतात. खेळाडूंना स्कॉर्टऐवजी शॉर्ट्स घालण्याची मुभा द्यावी, एवढा साधा ठराव 2024 मध्ये 55 विरुद्ध 45 टक्क्यांनी पडला. स्कॉर्ट काढूनच टाका म्हणणारा दुसरा ठराव तर 64 टक्के मतांनी आपटला. तेरा महिन्यांनी तुम्ही पुन्हा जमलात आणि मुभा द्यायला 98 टक्के तयार झालात. मधल्या काळात काही काउंटींचे, म्हणजे जिल्ह्यांचे, प्रतिनिधी बदलले असतील, हे मी धरून चालते. तरी निम्म्या सभागृहाचं मन फिरलं, हे उरतंच.

मन फिरलं याबद्दल तक्रार नाही. ते फिरायलाच हवं होतं. मला एवढंच विचारायचं आहे, की त्या तेरा महिन्यांत तुम्हाला असं काय नवीन कळलं, जे आधी माहीत नव्हतं?

मी हे मराठीत लिहिते आहे. तुमची संघटना ज्या चळवळीच्या पोटी जन्मली, तिचा हट्टच मुळी आपल्या भाषेत बोलायचं आणि आपले खेळ खेळायचे असा होता. तेव्हा मी माझ्या भाषेत लिहिलं म्हणून तुम्ही रागावणार नाही. तुमच्यातल्या कुणाला उत्सुकता वाटलीच तर इथे गॉलवेत आता भाषांतर करून देणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांच्या निमित्ताने आम्ही इथे आलो, तसेच मागून बरेच आले. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. मुलगी मात्र इथलीच. तेरा वर्षांची आहे, आणि चार वर्षांपासून तुमचा खेळ खेळते आहे.

आता जरा थांबा. सातारा-पुण्याकडच्या वाचकांना हा खेळ सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

फुटबॉलच्या मैदानापेक्षाही मोठं मैदान, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मुली. प्रत्येकीच्या हातात अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी, टोकाला वळलेली आणि चपटी. तिला हर्ली म्हणतात. चेंडू मुठीत मावेल एवढा, चामड्याने मढवलेला. त्याचं नाव स्लिटर. हा चेंडू जमिनीवरून मारता येतो, हवेतल्या हवेत मारता येतो, हाताने झेलता येतो आणि काठीच्या चपट्या टोकावर तोलून धरून सुसाट पळताही येतं. शाळेत हॉकी खेळताना काठी खांद्याच्या वर गेली की आमच्या बाई शिट्टी फुंकायच्या. इथे काठी डोक्यावरून येते आणि कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. म्हणून शिरस्त्राण सक्तीचं. दोन्ही टोकांना इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे खांब असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. गुणफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. 1-14 म्हणजे एक गोल आणि चौदा गुण, एकूण सतरा. पुरुष खेळतात त्याला हर्लिंग म्हणायचं, बायका खेळतात तो कॅमोगी. सगळ्या खेळाडू हौशी. देशाचा अंतिम सामना जिंकलेली शिक्षिका सुट्टी संपली की वर्गात उभी असते.

आणि स्कॉर्ट म्हणजे बाहेरून आखूड घागरा, आत शिवलेली चड्डी.

नियमात तीन शब्द होते: स्कर्ट, स्कॉर्ट किंवा मधोमध विभागलेला स्कर्ट. या तिसऱ्या शब्दावर मी पहिल्यांदा वाचताना हसले होते. मधोमध विभागलेलं वस्त्र म्हणजे आमच्याकडचा कासोटाच की. माझी आजी भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहायची ती नऊवारी लुगड्याचा कासोटा घालून, पदर कमरेला खोचून. तिला कुणी नियम करून दिला नव्हता. ज्या बाईला वाकायचं, पळायचं, चढायचं असतं ती आपल्या सोयीचं नेसणं आपणच शोधून काढते. आजीला जर कुणी म्हटलं असतं, की भाताची लावणी कासोट्यात कर पण गावच्या जत्रेतल्या शर्यतीत मात्र पायघोळ परकर नेसून पळ, तर तिने त्या माणसाला चिखलात बसवलं असतं.

तुमच्या खेळाडूंचं नेमकं तेच चाललं होतं. सरावाला शॉर्ट्स, सामन्याला स्कॉर्ट. वर्षभर एका पेनने अभ्यास करायचा आणि परीक्षेला दुसरं, न चालणारं पेन हातात घ्यायचं. पावसात भिजलेला स्कॉर्ट मांड्यांना चिकटतो, वाकलं की वर सरकतो, पाळीच्या दिवसांत जीव टांगणीला लागतो, आणि कुठल्या क्षणी कुणाचा कॅमेरा वळलेला असेल सांगता येत नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. गेलिक प्लेअर्स असोसिएशनने काउंटीकडून खेळणाऱ्या 650 जणींना विचारलं होतं. स्कॉर्टमध्ये अस्वस्थ वाटतं असं 70 टक्के म्हणाल्या. निवड आमच्यावर सोडा असं 83 टक्के म्हणाल्या. त्यांनी स्कॉर्टवर बंदी मागितली नव्हती हे लक्षात घ्या. ज्यांना तो आवडतो त्यांनी घालावा, एवढंच म्हणणं होतं.

दुसरी बाजू मी ऐकून घेतली आहे. आमच्या क्लबात एक आजीबाई आहेत, साठ-पासष्ट वर्षं या खेळात घालवलेल्या. चहाच्या थर्मासशेजारी उभ्या राहून त्यांनी मला समजावलं, की कॅमोगी ही हर्लिंगची धाकटी बहीण नाही. तिचं स्वतःचं नाव आहे, स्वतःची संघटना आहे, स्वतःचा वेश आहे. तो सोडला की उरतं काय? मला हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. बायकांनी उभारलेली आणि चालवलेली संघटना पुरुषांची नक्कल होऊ नये, ही काळजी खरी आहे.

पण मग मी जरा मागे जाऊन पाहिलं. 1893 साली डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापन झाली. आयरिश भाषा आणि चालीरीती जगवण्यासाठी. त्याच वर्षी इकडे पुण्यात टिळकांनी गणपती घरातून मांडवात आणला. दोन्हीकडे डोक्यावर राज्य एकाच राणीचं, आणि दोन्हीकडच्या लोकांना एकाच सुमाराला वाटलं, की आपलं म्हणून काहीतरी चारचौघांत उभं करायला हवं. (हा केवळ योगायोग असेल. मला तो फार आवडतो म्हणून सांगितला.) त्या गेलिक लीगमधल्या काही बायकांना भाषेबरोबर खेळही हवा होता. 1904 मध्ये त्यांनी हर्लिंगचे नियम आपल्यासाठी बदलून घेतले. पुरुषांच्या काठीला आयरिश भाषेत ‘कमान’ म्हणतात, त्यावरून धाकट्या काठीचं ‘कमोग’ केलं आणि कमोगवरून खेळाचं नाव. जुलै 1904 मध्ये नव्हान गावी लोकांसमोर पहिला सामना झाला. पहिल्या अध्यक्ष मॉरा नी खिनेजा. पुढे ब्लास्केट बेटावरच्या पेग सेयर्सचं आत्मचरित्र संपादित केलं त्या याच.

त्या बायका घोट्यापर्यंतचे स्कर्ट घालून खेळल्या. मुद्दाम स्कर्टने चेंडू अडवला तर तो गुन्हा धरला जाई. पण त्यांनी तो वेश खेळासाठी शोधला नव्हता. त्या काळी बाई घराबाहेर पडताना जे घालत असे ते त्यांनी घातलं. पुढे शाळेतल्या व्यायामाचे झगे आले, मग आखूड स्कर्ट, मग स्कॉर्ट. प्रत्येक पिढीतल्या मुली आपल्या काळाचं घालत आल्या. परंपरा कुठली असेल तर ती ही, आणि ती मोडली कुणी? ‘इथून पुढे काळ हलणार नाही’ असं नियमात लिहिणाऱ्यांनी. क्लबातल्या आजीबाईंना मी हे एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू वकील व्हायला हवी होतीस,” आणि मला आणखी चहा दिला. मान्य केलं नाही.

असो. 2024 मध्ये तुम्ही दोन्ही ठराव पाडलेत. असा पडलेला विषय पुन्हा अधिवेशनात आणायचा तर 2027 पर्यंत थांबा, असं तुमचेच नियम सांगत होते. तेव्हा पंधराव्या वर्षी काउंटीच्या संघावर नजर लावून बसलेल्या मुलीला तुम्ही सांगत होतात, की अठरा वर्षांची झालीस की बघू.

मग 3 मे 2025 चा शनिवार आला. लेन्स्टर प्रांताच्या उपांत्य सामन्यासाठी डब्लिन आणि किलकेनी हे दोन्ही संघ शॉर्ट्स घालून मैदानात उतरले. दोन्ही. हा मुद्दा सुटू नये. एका तासानंतर एकमेकींच्या हाता-पायांवर काठ्या आपटणार होत्या त्या मुलींनी आधी ठरवून एक गोष्ट एकत्र केली. कपडे बदला, नाहीतर सामना होणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या आत गेल्या, स्कॉर्ट घालून परत आल्या आणि खेळल्या. सामना सोडून दिला असता तर बातमी दोन दिवसांत विरली असती असं मला वाटतं. आज्ञा पाळून त्यांनी ती आज्ञा किती हास्यास्पद आहे ते सगळ्यांना दाखवलं. डब्लिनची कर्णधार अ‍ॅशलिंग मेहर त्यानंतर जाहीरपणे बोलली, आणि ते सगळीकडे पोचलं. माझ्या पुण्याच्या मावसभावाने मला बातमी पाठवून विचारलं, “ताई, तुमच्याकडे बायकांना हाफपँट घालायला बंदी आहे का गं?” काय उत्तर देणार? आहे, म्हटलं. खेळताना.

आठवड्याभरात कॉर्क आणि वॉटरफर्ड यांचा मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना ऐन वेळी पुढे ढकलावा लागला, कारण त्या दोन्ही संघांनीही शॉर्ट्सच घालणार असं कळवलं होतं. तोंडावर राष्ट्रीय स्पर्धा होती. याच धामधुमीत विशेष अधिवेशन बोलावलं गेलं. जो विषय 2027 आधी येणं शक्य नव्हतं, तो तीन आठवड्यांच्या आत आला, 98 टक्क्यांनी मंजूर झाला आणि त्याच मध्यरात्रीपासून लागूही झाला. आमच्याकडे म्हण आहे: नाक दाबलं की तोंड उघडतं.

आता माझ्या प्रश्नाकडे वळते. 650 जणींची मतं तुमच्यासमोर होती. पाळी मे 2025 मध्ये नव्याने सुरू झाली नव्हती. पाऊसही आयर्लंडमध्ये नवा नाही. ओला स्कॉर्ट कसा चिकटतो हे तुमच्यातल्या माजी खेळाडूंना तर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. नवीन घडलं ते एवढंच, की मुलींनी सांगणं थांबवून नकार दिला, आणि ते सगळ्या जगाला दिसलं. म्हणजे कारणाने तुमचं मत बदललं नाही, नाचक्कीने बदललं. हे कबूल करायला जड जातं हे मला समजतं. पण कबूल केलं नाहीत तर पुढच्या पिढीतल्या मुली एवढंच शिकतील, की इथे अर्ज-विनंत्या करण्यात अर्थ नाही, थेट 3 मे करावा लागतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही कोण मत बदलणारे? क्लब सांगतात ते काउंटीत जातं, काउंटी सांगते ते आम्ही अधिवेशनात मांडतो. ते बरोबर आहे, आणि इथेच माझी पंचाईत होते. 2024 च्या त्या ठरावांआधी आमच्या क्लबची वार्षिक सभा झाली, तेव्हा मी घरी होते. बाहेर पाऊस होता, मुलीचा गृहपाठ होता, आणि मला वाटलं, की नियम-बियम हा इथल्या लोकांचा प्रश्न, आपण परक्याने कशाला बोलायचं. शेजारच्या दोन आयांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं. त्या तर इथल्याच. त्या सभेत स्कॉर्टचा विषय निघाला की नाही हेही मी कुणाला विचारलं नाही. मुलगी सामन्याहून आली की मी तिचा चिखलाने माखलेला स्कॉर्ट बेसिनमध्ये घासत बसे, आणि तो अंगाला नीट का बसत नाही म्हणून दुकानदाराला दोष देई. तेव्हा ‘नाही’ म्हणणाऱ्या 55 टक्क्यांत माझ्या गैरहजेरीचाही वाटा आहे. तुम्हाला जाब विचारताना तो बाजूला ठेवणं बरं दिसणार नाही.

या सगळ्यात तुमच्याविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र कपड्यांची नाहीच. तक्रार अशी, की या मोसमाचं नाव काढलं की लोक ‘ती स्कॉर्टची भानगड’ म्हणतात, आणि 10 ऑगस्टचा अंतिम सामना राहून जातो. तो राहू नये, म्हणून आता त्याबद्दल लिहिते.

आम्ही सकाळच्या गाडीने गॉलवेहून निघालो. डबाभर मरून रंगाचे टी-शर्ट, गालांवर रंग फासलेल्या मुली आणि चुरगळलेल्या कागदात गुंडाळलेली सँडविचं. मी मेथीचे ठेपले घेतले होते, समोरच्या बाकावरच्या दोन बहिणींनी तेच संपवले. त्या दिवशी क्रोक पार्कवर तीन गटांचे अंतिम सामने असतात. वरिष्ठ गटाचा शेवटी. समोर कॉर्क. कॉर्क म्हणजे या खेळातलं मुंबईचं रणजी घराणं समजा: तीस अजिंक्यपदं, त्यातली शेवटची दोन लागोपाठ 2023 आणि 2024 मध्ये. यंदा सलग तिसरं हवं होतं. 2023 च्या अंतिम सामन्यात त्यांच्या एमी ओकॉनरने एकटीने तीन गोल मारले होते. (हो, स्कॉर्ट घालून. म्हणून स्कॉर्ट चांगला ठरत नाही, एमी ठरते.) 2024 मध्ये याच मैदानावर, याच दोन संघांत, कॉर्क 1-16, गॉलवे 0-16. गुणांत दोघी सारख्या, फरक एका गोलाचा. ते दुखणं घेऊन गॉलवे वर्षभर सराव करत होती. आमची तोवरची चार अजिंक्यपदं: 1996, 2013, 2019 आणि 2021. 1932 साली शॉन ओडफी यांच्या नावाच्या चषकासाठी ही स्पर्धा सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या अंतिम सामन्यात गॉलवे होतीच, डब्लिनकडून हरली. नंतर पहिलं अजिंक्यपद मिळायला चौसष्ट वर्षं लागली. आमच्याकडे वाट बघण्याची सवय आहे.

आणि पहिल्याच अर्ध्यात गॉलवेच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं. चौदा जणी विरुद्ध पंधरा, समोर कॉर्क, आणि अजून अर्ध्याहून जास्त सामना शिल्लक. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, जणू कुणी गेलं आहे.

एवढ्या मोठ्या मैदानावर एक माणूस कमी असणं टीव्हीवर कळत नाही. वरून, गच्चीसारख्या उंचीवरून पाहताना ते भोक स्पष्ट दिसतं. कॉर्ककडे सतत एक मोकळी खेळाडू असते, आणि ती कोण हे क्षणाक्षणाला बदलतं. गॉलवेच्या मुलींनी ते भोक बुजवलं नाही. ते हलतं ठेवलं. ज्या बाजूला चेंडू नाही तिथे ते ढकलायचं, चेंडू तिकडे वळला की सगळ्यांनी धावत जाऊन ते पुन्हा दुसरीकडे सारायचं. हे करायला फुप्फुसं लागतात. ईफा डोनह्यूला पाहताना मला सारखं वाटत होतं, की पंचांनी हिला मोजताना चूक केली आहे, या दोघी असणार. चेंडूसाठी खाली झुकलेल्या चार-पाच जणींच्या घोळक्यात काठ्यांचा एकमेकींवर आपटल्याचा जो आवाज होतो, तो कोरड्या बांबूच्या बनात वारा शिरल्यासारखा असतो. तो वरपर्यंत ऐकू येत होता.

त्या सबंध तासात कुठल्याही खेळाडूने आपल्या कपड्याला हात लावलेला मी पाहिला नाही. खाली ओढणं नाही, सावरणं नाही. माझ्या लक्षातही हे आलं नव्हतं, मुलीने सांगितलं. “आई, कुणीच ओढत नाहीये.” चार वर्षं तिने स्वतः ते केलं होतं, म्हणून तिला दिसलं.

शेवटी बरोबरी. भरपाईची मिनिटं चालू. गॉलवेला फ्री, म्हणजे मोकळा फटका, मिळाली आणि कर्णधार कॅरी डोलन चेंडूपाशी उभी राहिली. फ्री घेताना चेंडू जमिनीवर असतो. काठीच्या टोकाने तो अलगद वर उचलायचा आणि हवेत असतानाच फटकवायचा. वाचताना सोपं वाटतं. आमच्या अंगणात मुलगी रोज संध्याकाळी पन्नास वेळा हे करते, आणि पन्नासपैकी कितीतरी चेंडू शेजाऱ्यांच्या गुलाबांत जातात. डोलनने तो उचलला, मारला, आणि तो दांडीवरून गेला. गॉलवे 1-14, कॉर्क 1-13. सतरा विरुद्ध सोळा. टोपीवाल्या गृहस्थांनी टोपी डोक्यावर घालायच्या ऐवजी हवेत फेकली. ती चार रांगा खाली एका कॉर्कच्या माणसाच्या मांडीवर पडली, आणि त्याने ती परत वर पाठवली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचे पुरुष हर्लिंगचा अंतिम सामना टिपेररीकडून हरले होते. त्या माणसाचा उन्हाळा वाईट गेला होता, पण वागला मात्र दिलदारपणे.

तर 2025 चा मोसम हा असा होता. पाचवं अजिंक्यपद, चौदा जणींनी, एका गुणाने. तुम्ही 2024 मध्येच शहाणपण दाखवलं असतं, तर वर्तमानपत्रांनी मे महिना डब्लिन-किलकेनीच्या खेळावर लिहून काढला असता, आणि अ‍ॅशलिंग मेहरला मुलाखतींत आपल्या पायांबद्दल बोलावं न लागता आपल्या संघाबद्दल बोलता आलं असतं. तो महिना त्यांना कुणी परत देऊ शकत नाही.

आता पुढचं. 1884 पासूनची पुरुषांची गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, बायकांच्या फुटबॉलची संघटना आणि तुम्ही, अशा तिघांचं मिळून एक घर 2027 पर्यंत करायचं ठरलं आहे. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस यांच्या अध्यक्षतेखाली त्याची आखणी झाली. मोठ्या घरात सून म्हणून जाताना काय काय लिहून घ्यावं, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. तुमच्यात निम्म्याहून अधिक बायकाच आहेत. पण यादीत मैदान सर्वांत वर ठेवा. मी नाव घेत नाही, पण एका मैदानावर आमच्या मुलींचा सराव मागच्या हिवाळ्यात तीनदा रद्द झाला, कारण पुरुषांच्या दुसऱ्या फळीच्या संघाला ‘अचानक’ जागा लागली. मुली गाड्यांमध्ये बसून राहिल्या. मैदान ज्यांच्या मालकीचं त्यांचा शब्द शेवटचा, आणि आपण तिथे पाहुण्या. ही गोष्ट स्कॉर्टसारखी छायाचित्रात दिसत नाही. तिच्यासाठी कुणी पुण्याहून बातमी पाठवणार नाही. म्हणून ती तुम्ही नाचक्कीची वाट न बघता हाती घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती छोटी. खेळाडूंच्या अंगाशी, आरोग्याशी, वेळेशी संबंध असलेला कुठलाही ठराव मताला टाकण्याआधी सध्या खेळणाऱ्या मुलींचं म्हणणं सभागृहात मोठ्याने वाचून दाखवायचं, असा नियम करा. त्यांच्या विरोधात मत द्यायचं असेल तर जरूर द्या. फक्त ऐकल्यावर द्या.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला पाठवलंच पाहिजे असं नाही. तुमच्या क्लबातल्या तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या मुलीला सरावानंतर गाठा आणि तिला सांगा, की मी तेव्हा ‘नाही’ का म्हटलं होतं. ती ऐकून घेईल. त्या बऱ्याच मोठ्या मनाच्या असतात.

आमच्या क्लबची वार्षिक सभा नोव्हेंबरात आहे, मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता, कपडे बदलायच्या खोलीमागच्या सभागृहात. मागच्या वर्षी तिथे अकरा माणसं होती असं कळलं. यंदा निदान बारा असतील.

आपली,
मुलींच्या संघातल्या एका बचावपटूची आई
गॉलवे, सप्टेंबर 2025